किसनकाका, फॉर्मवरची ती खूण माझी होती

काका,

हे लिहायला मी चौथ्यांदा बसते आहे. आधीच्या तीन वेळा मी तुमची नोकरी, तुमचा स्वभाव, तुमची शिस्त असं लिहीत गेले आणि पान भरत आलं की फाडून टाकलं. ते सगळं गावाला माहीत आहे. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती तुम्हालाच सांगायची होती.

जिल्ह्याच्या कलाकारांच्या यादीसाठी मी तुमचा फॉर्म भरला, त्यात दोन चौकोन होते. एक 'शास्त्रीय', एक 'लोककला'. दोन्हींपैकी एकातच खूण करता येत होती. तुमच्या फॉर्मवर 'लोककला'त खूण होती, ती ऑफिसातल्या माणसाने केली नव्हती. कंप्युटरचीही चूक नव्हती. ती खूण मी केली होती.

एवढं लिहिल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फक्त थकवा आला, कापसाच्या वेचणीवरून आई घरी येते आणि उंबऱ्यावरच बसून राहते तसा. पण आता सुरुवात झाली आहे तर सगळं सांगते. कुठे चुकलं तर मनातल्या मनात दुरुस्त करून घ्या. मला अजून असं लिहायची सवय नाही.

तुमच्यापासून सुरुवात करायची तर तुमच्या वडिलांपासून करावी लागेल, कारण तुम्ही स्वतः नेहमी तिथूनच सुरू करत होता. ते सनई वाजवायचे. पाटलाच्या घरी लग्न असलं की दारात, देवळात काही असलं की पायरीच्या खाली, ऊन असो की पाऊस, उभ्याने. धम्म घेतला त्या वर्षी त्यांनी सनई चुलीत घातली आणि सांगितलं, दुसऱ्याच्या दारात उभं राहून आता आपल्याला वाजवणं नाही. हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलं की चुलीत घातलेली सनई मी डोळ्यांनी पाहिली असं मला वाटतं. पुढे तुम्ही मोडलेल्या एका बँड पार्टीकडून जुनी क्लॅरिनेट घरी आणली, तेव्हा म्हातारा तीन दिवस जेवला नाही. तुम्ही त्याला म्हणालात, "बा, मी बसून वाजवीन." त्यावर तो म्हणाला, "बसू कोन देईल तुले?"

हे सांगून तुम्ही हसत होता. पण काका, मला वाटतं तुमचं सगळं आयुष्य त्या एका प्रश्नाला उत्तर देण्यात गेलं.

अकरा वर्षं दर रविवारी पैनगंगा ओलांडून तुम्ही यवतमाळला उस्तादांकडे गेलात. उस्ताद लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचे आणि बाकीच्या दिवसांत राग शिकवायचे. शाळेत तुम्ही शिपाई होता, पुढे रेकॉर्डच्या खोलीत बसू लागलात. सोमवारी सकाळी घंटा वाजवताना तुमचे ओठ सुजलेले असायचे, असं आमचे जुने गुरुजी सांगतात. मी तुम्हाला ओळखायला लागले तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होता आणि रोज सकाळी शाळा भरायच्या आधी तिथल्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसत होता. फोनवर तानपुरा लावायचा, क्लॅरिनेटची वेताची पत्ती तोंडात धरून ओली करायची, आणि मग डोळे मिटून एकच सूर इतका लांब धरायचा की समोरच्या लिंबावरचे कावळे गप्प व्हायचे. तबला नव्हताच. आपल्या भागात तुमच्यासोबत बसेल असा तबलजी मिळत नव्हता, म्हणून तुम्ही नुसता आलाप वाजवायचे. "एकट्याचं बरं असते," असं म्हणत होता. "भांडन नाई, मानपान नाई."

पण मानपानाचं एक होतं. तुम्ही उभ्याने कधीच वाजवलं नाही. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत पोरं दरवर्षी तुम्हाला पुढे चालून वाजवायचा आग्रह करायची, आणि तुम्ही दरवर्षी सांगायचे की मिरवणूक विहारात आली की या, वंदना झाल्यावर वाजवतो. पोरं चिडवायची, काकाच्या बुडाले डिंक लागला हाये. तुम्ही म्हणायचे, "डिंक नाई बाप्पा, वजन हाये." विहारात तुम्ही वाजवायला बसेपर्यंत पोरं दमून घरी गेलेली असायची. चार म्हाताऱ्या आणि दोन लेकरं उरायची. तुम्ही त्यांच्यासाठी पूर्ण वाजवायचे, काही कमी न करता.

माझ्या कॉलेजचं तुम्हीच ठरवलं. बारावीनंतर बाबा मला त्यांच्यासोबत कापसाच्या जिनिंगवर कामाला न्यायचं म्हणत होते. तुम्ही आमच्या अंगणात येऊन बाजेवर बसलात, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललात आणि उठताना म्हणालात, "गावात एक तं असू दे, जिले कागद वाचता येते." आठ दिवसांनी बाबांनीच मला आदिलाबादच्या बसमध्ये बसवून दिलं. तेव्हापासून गावातले कागद मी वाचते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पेन्शन, रेशन, स्कॉलरशिप. आपलं गाव तेलंगणात, बोलणं मराठी, म्हणून तेलुगूत आलेलं पत्र मराठीत सांगायचं, मराठीत सांगितलेलं तेलुगूत लिहायचं. लोक दस्तखत करतात आणि काय लिहिलं आहे ते विचारतही नाहीत. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे. तुमचाही होता.

त्या यादीची सूचना फोनवर आली तेव्हा मीच तुमच्याकडे धावत आले होते. गावच्या सभेला, शाळेला, वाचनालयाला एकट्याने गाणारा-वाजवणारा कोणी हवा असेल तर या यादीतून बोलवायचं, अशी ती योजना होती. मी वाचून दाखवलं. तुम्ही क्लॅरिनेट मांडीवर आडवी ठेवली आणि विचारलं, "म्हंजे बसून?" मी म्हटलं, हो काका, कार्यक्रमच आहे, स्टेजवर बसूनच. तुम्ही फक्त मान हलवली. मग घरात गेलात आणि पांढरा सदरा घालून आलात. का ते मला कळेना. तुम्ही म्हणालात, फोटो लागते ना फारमले.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर बसून मी तुमचा फॉर्म भरला. 'शास्त्रीय'वर बोट ठेवलं की खाली दुसरं पान उघडत होतं. परीक्षेचं प्रमाणपत्र द्या, नाहीतर मान्यताप्राप्त शिक्षकाचं पत्र द्या. तुमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. उस्तादांनी अकरा वर्षांत तुम्हाला एक कागद दिला नव्हता. जाताना त्यांच्या स्वतःच्या क्लॅरिनेटची पत्ती दिली होती, ती तुम्ही अजून कापसात गुंडाळून ठेवली होती. 'लोककला'ला मात्र फक्त सरपंचाचं पत्र पुरत होतं. बस सुटायला दहा मिनिटं होती. मी विचार केला, शास्त्रीय लिहिलं तर फॉर्म परत येईल. लोककला लिहिलं तर नाव तरी लागेल. एकदा नाव लागलं, स्टेजवर बसले, की काका काय वाजवायचं ते वाजवतील.

हे मी स्वतःला बरेच महिने सांगितलं. ते खरंही आहे. पण पूर्ण खरं नाही. शास्त्रीय म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर रेशमी कपड्यातली, बासरच्या सरस्वतीच्या देवळात वीणा घेऊन बसणारी माणसं येत होती. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसलेले तुम्ही येत नव्हता. मी एवढी शिकले, वर्गात उठून समतेवर बोलते, आणि त्या चौकोनापाशी माझंच बोट तुमच्याकरता दुसरीकडे गेलं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तुम्ही विचारलं, "शास्त्रीय लिवलं ना वं, सुजाता?"

मी म्हटलं, "हो काका, लिवलं."

यादी आली आणि तुमचं नाव लोककलेत निघालं. तुम्ही ते कोणाकडून तरी वाचून घेतलं होतं. मी आले तर तुम्ही आधीच ठरवून बसला होता की ऑफिसात घोळ झाला. माझ्या मनात एक क्षण आलं की आता सांगून टाकावं. पण तुम्ही मलाच समजावत होता, तू मनाले लावून घेऊ नको, तुई मेहनत होती. त्यानंतर सांगणं अवघड होत गेलं.

मग उटनूरकडचं बोलावणं आलं. मोठा कार्यक्रम होता, पाहुणे हैदराबादहून येणार होते. तुम्ही मला सोबत नेलं, कारण तिथे तेलुगू बोलावं लागेल. सकाळची पहिली बस, मग दुसरी, मग एक ऑटो. तुम्ही सतरंजीसुद्धा सोबत घेतली होती. तिथल्या आयोजक बाईंनी आपल्याला फाटकापाशी नेलं, तुमच्या डोक्यावर लाल फेटा ठेवला आणि हिंदीत सांगितलं, "अंकल, इधर खड़े होके बजाना है। मेहमान अंदर गए कि हो गया।"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मी बाईंना सांगितलं की हे बसून वाजवतात, राग वाजवतात, स्टेजवर अर्धा तास द्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी हातातली यादी काढली, तुमच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या की लोककलावाले स्वागताला असतात, स्टेजवर शास्त्रीयवाले, तिथे एक बाई गाणार आहेत. मला पुढे बोलता येईना. बोलले असते तर ती यादी कशी झाली ते निघालं असतं.

फाटकाच्या पलीकडे झाडाखाली ढोल घेतलेली गोंड मंडळी होती. त्यातल्या एका म्हाताऱ्याने सरकून तुम्हाला सावलीत जागा दिली. तुम्ही दोघं आपापल्या भाषेत काहीतरी बोललात, एकमेकांची वाद्यं हातात घेऊन पाहिलीत. मला वाटलं, तुम्ही आता उठून घरी चला म्हणाल. मी तशी वाटच पाहत होते. पण गाड्या आल्या, ढोल सुरू झाले, आणि तुम्ही माझ्याकडे एकदा पाहून उभे राहिलात. फेटा नीट केला आणि वाजवलं. दहा मिनिटं असतील. भीमपलास होता. एकही माणूस थांबला नाही. तुमचे पाय किंचित थरथरत होते, ते फक्त मला दिसत होतं.

परतीच्या बसमध्ये इचोडा आलं. मग तुम्ही म्हणालात, "तू संगं होती म्हनून उभा राह्यलो. तुले कोनी बोललं असतं." आणि खिडकीबाहेर पाहत बसलात.

काका, त्या बसमध्ये मी सांगायला पाहिजे होतं. इतर सगळ्या वेळांचं मी काही ना काही कारण देऊ शकते. त्या वेळेचं देऊ शकत नाही.

त्यानंतर आपण आदिलाबादला ऑफिसात गेलो. तुम्ही आदल्या दिवशीच काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्या क्लार्कने आपल्याला पाहिल्याबरोबर खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, कूर्चोंडी. तुम्ही मला विचारलं, काय म्हनते? मी सांगितलं, बसा म्हणतात. तुम्ही बसलात आणि बसल्या बसल्या त्याला सुनवायला सुरुवात केली. म्हणालात, "याले सांग, तुमच्या कंप्युटरनं माया बापाचं पोरगं पुन्हा दारात उभं केलं."

मी त्याला तेलुगूत सांगितलं, काका विचारतात की दुरुस्ती कधी होईल.

त्याने कंप्युटर आपल्याकडे वळवला. तुमचाच फॉर्म होता, पांढऱ्या सदऱ्यातला फोटो, आणि 'लोककला'त खूण. तो शांतपणे म्हणाला की अर्जदाराने स्वतःच हे निवडलं आहे, बदलायचं असेल तर प्रमाणपत्र किंवा शिक्षकाचं पत्र आणा, पुढच्या यादीत बदलू. तुम्हाला ते तेलुगू वाचता येत नव्हतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी मराठीत सांगितलं, ते म्हणतात मशीनची चूक झाली, नवीन अर्जी द्या.

तुम्ही त्याच्याकडे असं पाहिलंत की त्या बिचाऱ्याने तुमच्यासाठी चहा मागवला. नंतर वर्षभर तुम्ही त्याला 'खूनवाला' म्हणत होता, खूण करणारा म्हणून. कुठे वीज गेली, बस चुकली, की खूनवाल्याचं काम असेल. लोक हसायचे. मीही हसायचे. तुम्हाला आयुष्यात ज्या एका सरकारी माणसाने न मागता खुर्ची दिली, त्याच्यावर तुम्ही मरेपर्यंत रागावून राहिलात, आणि ते माझ्यामुळे.

आपला वाद त्याच काळातला. मी कॉलेजात ऐकलेलं तुम्हाला सांगायचे की लोककला काही कमी नसते, हे वरचं आणि हे खालचं ही वाटणीच मुळात चुकीची आहे. तुम्ही ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मी वरचं-खालचं नाई म्हनून राह्यलो. मी उभ्याचं आन् बसल्याचं म्हनून राह्यलो." मी विचारलं, मग तो ढोलवाला म्हातारा? तो तर उभ्यानेच वाजवत होता आणि किती सुंदर. तुम्ही म्हणालात की त्याचं उभं राहणं त्याचं स्वतःचं आहे, त्याच्या देवाचं, त्याच्या माणसांचं. त्याला कोणी उभं केलेलं नाही. "मले उभं केलं. फरक कळते का तुले?"

मला तेव्हा कळला नव्हता असं नाही. पण मी वाद सोडला नाही, कारण लोककला कमी नाही हे सिद्ध झालं असतं तर माझी खूणही चूक ठरली नसती. अजूनही मला वाटतं की माझं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त ते मी खोट्यासाठी वापरलं. हा वाद आता असाच राहिला. तुमची पाळी होती बोलायची.

सगळ्यात जड गोष्ट पुढे आहे. मी गप्प बसले नव्हते, काका. मी शिक्षक शोधत होते. आदिलाबादला व्हायोलिन शिकवणाऱ्या एक बाई मिळाल्या. त्या म्हणाल्या, त्यांना घेऊन या, तासभर ऐकते, योग्य वाटलं तर पत्र देते. मी किती आनंदात तुमच्याकडे आले आणि म्हटलं, नव्या अर्जीला या बाईंचं पत्र जोडू. एका पत्राने सगळं पुसलं जाणार होतं, मला काही सांगावंही लागणार नव्हतं.

तुम्ही विचारलंत, "चूक त्यायची, परीक्षा माई काऊन?"

मी खूप समजावलं. तुम्ही ऐकलं नाही. तुमचं बरोबरच होतं. तुम्हाला जे माहीत होतं त्यावरून ते अगदी बरोबर होतं. चूक ऑफिसची असेल तर या वयात तुम्ही कोणापुढे स्वतःला का सिद्ध करावं? चूक तुमच्या घरच्या पोरीची आहे असं कळलं असतं तर कदाचित तुम्ही सतरंजी उचलून निघाला असतात. मी तिथे उभी होते, तोंडाशी शब्द आले होते, आणि मी म्हटलं, बरं काका, राहू द्या. त्यानंतर यादीतून आणखी दोन-तीन बोलावणी आली. सगळी स्वागताची. तुम्ही माझ्याकडूनच नकार लिहून घेतला. "लिव, तब्येत बरी नाई."

मग तब्येत खरंच बिघडली. मी त्या दिवशी परीक्षेला बसले होते. फोन बाहेर बॅगेत होता. बाहेर आले तर बाबांचे सात मिस्ड कॉल होते. मी पोचले तोपर्यंत तुम्हाला अंगणात आणलं होतं आणि विहारातली पांढरी चादर तुमच्यावर होती. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी बॅनर करायचं होतं. तुमचा पुतण्या राहुल छापखान्यातून फोन करून विचारत होता की नावाखाली काय टाकू. तोच म्हणाला, 'जिल्ह्याचे प्रसिद्ध लोककलावंत' टाकतो, सरकारी यादीतच आहे तसं, कोणी नाही म्हणणार नाही. मी त्याला म्हटलं, थांब, मी काकीला विचारून सांगते. विचारायचं काही नव्हतं. मला फोन ठेवायचा होता.

काकी मागच्या पडवीत ज्वारी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. बसस्टँड, चौकोन, उटनूर, ऑफिस, व्हायोलिनवाल्या बाई. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून चौकोन म्हणजे काय ते मी सुपातल्या ज्वारीत बोटाने काढून दाखवलं. तिने ते पाहिलं.

मग तिने विचारलं, "उटनूरले तूच होती ना वं त्यायच्या संगं?"

मी म्हटलं, हो.

"घरी आल्यावर पाय शेकून मागतले होते त्या दिवशी," ती म्हणाली. "मी म्हटलं काय झालं, तं म्हने बसमंधी आखडले."

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही. पुन्हा निवडायला लागली आणि खाली पाहूनच बोलली. "सांगाचं होतं त्यायले. दोन दिवस बोलले नसते तुयासंगं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी 'सुजाता, नवा फारम घेऊन ये' म्हनून तुलेच हाक मारली असती. दुसरं होतं कोन त्यायच्या कामाचं?"

एवढंच. तिने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही. उठताना तिने सूप माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, उरलेली निवडून टाक, माया डोयाले दिसत नाई. मी निवडली. राहुलला फोन करून सांगितलं की नावाखाली फक्त 'क्लॅरिनेटवादक' लिही. त्याने विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. कार्यक्रमात मी उठून सगळ्यांसमोर खूण कोणी केली ते सांगितलं. लोकांना त्यात काही विशेष वाटलं नाही. एक आजोबा म्हणाले, अवं पोरी, नाव तं लागलं ना यादीत, तुयाचमुळे लागलं. दोघा-तिघांनी माझं कौतुक केलं. त्याच संध्याकाळी एक जण पेन्शनचा कागद घेऊन आमच्या घरी आला. मी तो दोनदा वाचून दाखवला आणि कुठे काय लिहिते आहे ते बोट ठेवून सांगितलं. तो कंटाळला.

काकी म्हणते ते दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. मी एक वर्ष कशाला घाबरले? तुमच्या दोन दिवसांच्या अबोल्याला. ते दोन दिवस कसे गेले असते ते मी रोज मनात जुळवून पाहते. तुम्ही सकाळी व्हरांड्यात येऊन बसला असता. तानपुरा लावला असता. मी कोपऱ्यात आले असते, आणि तुम्ही माझ्याकडे न पाहता वाजवत राहिला असता. तुम्ही रागावलेले असताना बोलत नव्हता, पण वाजवायचं कधी सोडलं नाही. मला माघारी जाता आलं नसतं, कारण जायला तोंडच नसतं. मी कॉलेज बुडवलं असतं आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले असते, संपूर्ण आलाप संपेपर्यंत.

कारण खरं सांगायचं तर, काका, रोज सकाळी बसच्या वेळेला मी तिथून जात होते, दोन-चार मिनिटं थांबत होते, छान म्हणत होते आणि पळत होते. बॅग खांद्यावरून कधी खाली ठेवली नाही. इतक्या वर्षांत मीसुद्धा तुम्हाला एकदाही बसून ऐकलं नाही.